कोंबड्यांखालची गादी

कुणी कोंबड्या पाळल्यात असं कळलं, की कासममामा पहिला प्रश्न विचारत, "खाली काय घातलंय?"

कोंबड्या किती, कुठल्या जातीच्या, अंडी किती देतात, हे सगळं नंतर. आधी खाली काय. समोरचा माणूस गोंधळून "खाली म्हंजी?" असं म्हणाला, की मामांचा चेहरा पडायचा.

"म्हंजी जमिनीवं. ती उभी कशावं ऱ्हाती? बसती कशावं? तुमी घरात सतरंजी टाकता का न्हाई?"

शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक लाकडाची वखार होती. तिथल्या लाकूड चिरायच्या आऱ्यावर मामा मिस्त्री होते. उंच, वाळके, खांद्यावर कायम भुशाचा थर. वीस-बावीस वर्षं आऱ्याशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. त्यामुळे हळू बोलणं त्यांना जमतच नसे. एखादी खाजगी गोष्ट सांगायची झाली, तर ते मान खाली घालून, तोंडावर हात धरून सांगत, आणि ती रस्त्यापलीकडच्या सायकलच्या दुकानात स्पष्ट ऐकू जाई.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी न्हावऱ्यात बालवाडी चालवत होते. गावात मला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. घरामागे खुराड्यात माझ्या बारा गावठी कोंबड्या होत्या. त्यातल्या दोन माना टाकून मेल्या, तिसरी लंगडायला लागली, तेव्हा कुणीतरी सांगितलं की खाली लाकडाचा भुसा घाला. मी दोन पोती घेऊन वखारीत गेले.

"कशाला पायजे?" मामांनी विचारलं.

"कोंबड्यांना."

"खुराडं बघितल्याबिगर मी भुसा देत न्हाई."

मला वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. मी रिकामी पोती घेऊन परत आले. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने मामा न्हावऱ्यात हजर झाले. घर विचारत आले, वहाणा काढल्या, कमरेत वाकले आणि सरळ खुराड्यात शिरले. बराच वेळ बाहेर येईनात. शेजारच्या बायका जमल्या. मग आतून आवाज आला, "बाई, तुमीबी आत या."

वर्षभर मी त्या खुराड्यात हात घालून अंडी काढत होते, पण आत कधी गेले नव्हते. पदर खोचून गेले. मामा उकिडवे बसले होते. म्हणाले, "पाच मिनिटं नुस्तं बसा." दोन मिनिटांतच माझ्या डोळ्यांना पाणी सुटलं, नाकात कसली तरी तिखट वाफ चढली.

"डोळं चुरचुरत्यात ना? त्या रातंदिस हितंच हायेत. त्यांना कुठं जाता येतंय?"

मग त्यांनी पहारीने जमीन उकरायला लावली. वरून शेणाने सारवलेली, दिसायला स्वच्छ. पण चार बोटं खाली काळा चिखल निघाला. न्हाणीचं पाणी भिंतीखालून मुरत होतं. "ह्याच्यावं सोन्याचा भुसा टाकला तरी कुजंल," मामा म्हणाले. त्यांनी खुराडं हलवायला लावलं. नवी जागा चढावर, खाली मुरूम ठोकून, त्यावर पांढऱ्या चुन्याची भुकटी, मग ओढ्याची वाळू आणि सगळ्यात वर भुसा. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी वखारीतून पोती पाठवली. कोंबड्या त्या भुशात अंग घुसळून धुळीची आंघोळ करायला लागल्या, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की इतके दिवस मी त्यांना नुसतं कोंडून ठेवलं होतं.

भुशातही मामांच्या लेखी पन्नास प्रकार होते. आंब्याचा मऊ, पाणी चटकन पितो. सागाचा तेलकट, ओल तशीच ठेवतो. बाभळीचा जड. कडुलिंबाचा थोडा मिसळला तर उवांना बरा, पण नुसता नको. उसाचं पाचट लांबडं असतं, त्याचा चटई झाल्यासारखा थर बसतो आणि खालून कुजतो. घालायचंच तर बोटभर तुकडे करून घाला. भाताचा तूस सगळ्यात चांगला, पण तो मावळात, आपल्याकडे कुठला? ते हे सगळं बोलताना खिशातून नमुने काढत. एका खिशात एक भुसा, दुसऱ्यात दुसरा, सदऱ्याच्या वरच्या खिशात कुठल्याशा शेतातलं बाजरीचं भुसकट. त्यांची बायको धुण्याआधी सदरे उलटे करून अंगणात झटकायची आणि मोठ्याने बोलत राहायची. मामांना ते ऐकू येत नसे, की ते तसं दाखवत, हे मला कधी समजलं नाही.

गादी ओली का कोरडी हे बघायची त्यांची एक रीत होती. मूठभर भुसा घट्ट दाबायचा आणि हात उघडायचा. गोळा तसाच राहिला तर ओली. सगळा सुटून गेला तर फार कोरडी, पिलांच्या नाकात धूळ जाईल. गोळा व्हावा आणि अलगद तडकावा. आणि त्याआधी वास. "नाक हाय ना? मग डागदरची वाट कशाला बघता?" असं ते प्रत्येकाला म्हणत.

दोन वर्षांनी आमच्या महिला मंडळाला कोंबड्यांची योजना मिळाली. बारा बायका, प्रत्येकीला पांढऱ्या लेगहॉर्न जातीची पन्नास पिल्लं. न्हावऱ्यात अशी पिल्लं कुणी पाहिली नव्हती. मंडळाची चिटणीस मी, म्हणून मी मामांना बोलावलं. देवळासमोरच्या पटांगणात त्यांनी बायकांना दोन तास समजावलं. अध्यक्ष पारूबाई पुढे बसल्या होत्या. घरच्या बागायतदार, बोलायला फटकळ, पण योजना गावात आणायला त्याच तालुक्याला खेटे घालून आल्या होत्या. सगळ्यात मागे, थोडी बाजूला, शेवंता बसली होती.

शेवंता आमच्या वाड्यातलीच, बौद्धवाड्यातली. नवऱ्याने टाकलेली, आईकडे परत आलेली, ओढ्याकाठच्या शेवटच्या घरात दोघी राहायच्या. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या रानात. तिचं नाव यादीत घालताना पारूबाईंनी नाक मुरडलं होतं, पण योजनेत मागास वस्तीतली बाई घ्यायचा नियमच होता म्हणून गप्प बसल्या.

शेवंता उठून उभी राहिली आणि जोरात म्हणाली, "मामा, भुशाच्या जागी शेंगांची टरफलं चालत्याल का?"

दोघीतिघी हसल्या. मामांनी हसणाऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "चालत्यात की. पन कुटून घे. आन् काळा ठिपका आसंल तर टाकून दे. बुरशी पिलाच्या छातीत जाती. टरफल वाजलं पायजे, आसं," म्हणत त्यांनी कानाशी बोटं चोळून दाखवली. ज्याला आऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं, तो माणूस टरफलाचा आवाज समजावून सांगत होता.

पिल्लं यायच्या आठवड्यात मामांची मुलगी दौंडला बाळंत झाली आणि ते तिकडे गेले. जावई तिथे रेल्वेत होता. जाताना मामांनी निरोप ठेवला होता, की आंब्याचा भुसा राखून ठेवलाय, घेऊन जा. मी ट्रॅक्टर घेऊन वखारीत गेले. मालक गल्ल्यावर होते. त्यांनी हमालाला हाक मारली, हमालाने कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवलं, आणि आम्ही पोती भरली.

भुसा थोडा काळसर होता. भरताना मला एक वास आला. रस्त्यावर डांबर टाकतात तेव्हा येतो तसा, पण पुसट. मी हमालाला विचारलं. तो म्हणाला, "लाकडाचाच वास, बाई." ट्रॅक्टरवाला घाई करत होता. मी गप्प बसले.

पिल्लं आली ती थंडीत. प्रत्येक घरी पाटीखाली कंदील लावून, भोवती पोती गुंडाळून त्यांना ऊब दिली. पहिला दिवस पिवळ्या गोळ्यांचं कौतुक करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पारूबाईंकडची सहा मेली. तिसऱ्या दिवशी सगळीकडे मरायला लागली. डोळे चिकटलेले, चोच उघडी, पायांचे तळवे लाल. पिल्लू दोन पावलं चालायचं, बसायचं आणि बसल्या जागी आडवं व्हायचं. शिरूरचे जनावरांचे डॉक्टर रजेवर होते. कुणी मानमोडीचा रोग म्हणालं, कुणी थंडी. बायकांनी पाट्यांभोवती आणखी पोती लावली, आणखी ऊब दिली. पिल्लं आणखी मरायला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी कुणीतरी ओढ्याकाठच्या घरात डोकावून आलं आणि गावभर बातमी झाली. शेवंताची पन्नासच्या पन्नास पिल्लं धडधाकट होती.

त्या सकाळी मी बालवाडीत होते. मुलांना घ्यायला आलेल्या बायका दारातच कुजबुजत होत्या. दुपारपर्यंत कुजबुज राहिली नव्हती. शेवंताने पाण्यात काहीतरी कालवलं. तिच्या आईला मंत्र येतो. तिला मागे बसवलं म्हणून तिने डूख धरला. पारूबाईंचा दीर नामदेव चार माणसं घेऊन शेवंताच्या दारात गेला. मी धावत गेले तेव्हा शेवंता खुराड्याच्या दाराला पाठ लावून उभी होती, हातात खुरपं. तिची आई आत रडत होती.

"उद्या दुपारपातुर खरं सांग," नामदेव म्हणाला. "न्हाईतर ह्ये खुराडं हाय तसं पेटवतो."

"मी काय केलं न्हाई," शेवंता म्हणाली. एवढंच. ती पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिली.

मी संध्याकाळच्या दौंड गाडीच्या कंडक्टरकडे मामांसाठी चिठ्ठी दिली. जावयाचा पत्ता मला नीट माहीत नव्हता. 'रेल्वे क्वार्टर, शिरूरच्या कासम मिस्त्रींचे जावई' एवढंच लिहिलं, आणि आत, 'पिल्लं मरताहेत, पहिल्या गाडीने या.' ती चिठ्ठी पोचेल अशी माझी खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी पटांगणात माणसं जमली. शेवंताला मध्ये उभं केलं होतं. सरपंच बाहेरगावी होते, म्हणजे थांबवणारं कुणी नव्हतं. मी दोनदा बोलायला गेले, पारूबाईंनी हाताने गप्प केलं. नामदेवने रॉकेलचा डबा आणून उघड उघड पारावर ठेवला होता. ऊन डोक्यावर येत होतं. आणि दौंडकडून आलेली एसटी फाट्यावर थांबल्याचा आवाज आला.

मामा आले ते लांब टांगा टाकत. त्यांना एवढी गर्दी कशासाठी हे कळेना. नामदेव काहीतरी म्हणाला, मामांनी कानाला हात लावला. तो पुन्हा म्हणाला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते काम माझ्यावर आलं. मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, शेवंतासमोर ओरडून सांगावं लागलं, "हे म्हणतात, शेवंतानं विष घातलं! तिची एकटीची पिल्लं जगली म्हणून!"

शेवंताने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

मामांनी शेवंताकडे पाहिलं. मग म्हणाले, "हिच्यात खाली काय घातलंय?"

"टरफलं," मी ओरडले.

"आन् बाकीच्यांत?"

"तुमचा भुसा."

ते पारूबाईंच्या घराकडे निघाले. सगळी गर्दी मागे. अंगणातल्या पाटीजवळ ते गुडघ्यांवर बसले, पोती बाजूला केली, हात आत घातला आणि मूठ बाहेर काढली. त्यांनी ती दाबली नाही. नुसती नाकाशी नेली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. मी त्यांच्या अगदी जवळ होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झालेला मी पाहिला.

"पारूबाई, चुलीवं पानी हाय का? गरम? तुमच्याच परातीत घेऊन या. दुसऱ्या कुनाचा हात नको."

पारूबाईंनी वाफाळतं पाणी भरलेली परात आणून अंगणात ठेवली. मामांनी मूठ त्यात सोडली. सगळे वाकून बघत होते. आधी नुसता भुसा तरंगला. मग त्याच्या कडेने पाण्यावर तेलाचा पातळ तवंग पसरला, निळा, जांभळा, मोटारीखाली साचलेल्या पाण्यावर येतो तसा. आणि वाफेबरोबर डांबराचा वास सगळ्या अंगणात भरला. पुढे वाकलेल्या बायकांनी पदर नाकाला लावले.

दुसऱ्या परातीत त्यांनी शेवंताची टरफलं टाकायला लावली. पाणी थोडं तांबूस झालं, बाकी काही नाही.

"ह्यो रेल्वेच्या रुळांखालच्या जुन्या सिलीपरचा भुसा हाय," मामा म्हणाले. "लिलावातनं आलेलं लाकूड. ते कुजू ने म्हनून काळ्या तेलात मुरवत्यात. गेल्या पंधरवड्यात मी सोता चिरलं. भुसा येगळा काढून ताडपत्रीखाली ठिवला व्हता, वीटभट्टीला द्यायला. तुमी वरनं जेवढी ऊब दिली तेवढी त्याची वाफ झाली. पिल्लं त्याच वाफंत ऱ्हायली, तेच टिपून खाल्लं." थोडं थांबून ते म्हणाले, "माज्या वखारीतला हाय. ह्या पोरीनं काय केलं न्हाई."

मग नामदेव पुढे आला आणि त्याने मामांच्या सदऱ्याची गळपट्टी धरली. मामा त्याच्यापेक्षा वीतभर उंच होते. ते हलले नाहीत, हात वर केला नाही.

"मारायचं तर मार. पन आदी पिल्लं काढू. जी हायेत ती अजून जगत्याल."

नामदेवचा हात तसाच होता. पारूबाईंनीच पुढे होऊन तो खाली ओढला.

पुढचे दोन तास मला नीट क्रमाने आठवत नाहीत. टोपल्या, सुपं, पाट्या, मिळेल त्यात पिल्लं भरली आणि उन्हात आणली. मामा घराघरात जाऊन स्वतः भुसा उपसत होते, जमीन खरवडत होते, पिलांचे पाय कोमट पाण्याने पुसायला लावत होते. पण आता खाली घालायचं काय? वाळू त्या थंडीत गारठा धरणार. पाचट चिरायला वेळ नव्हता. गावात शेंगांच्या टरफलांचा साठा एकाच घरात होता. शेवंताने पावसाळ्यानंतर शेंगा फोडायच्या कामावर असताना चार पोती जमवून, कुटून, वाळवून ठेवली होती.

सगळ्यांनाच हे ठाऊक होतं आणि कुणी तोंड उघडत नव्हतं. शेवटी मामाच ओढ्याकडे गेले. मी मागोमाग. शेवंता उंबऱ्यावर बसली होती. मामांनी काही मागितलं नाही. ते तिच्या समोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "पोरी, माज्यामुळं तुला उभं केलं त्यांनी. म्या माफी मागतो." त्यांच्या आवाजात ते ओढ्यापलीकडेसुद्धा ऐकू गेलं असेल.

शेवंताने आतल्या पोत्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पारूबाईला सांगा, पोती हायेत. पन तिनं सोता यावं. मानूस धाडायचं न्हाई."

मी निरोप दिला. पारूबाईंचा चेहरा लाल झाला. त्या उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्या गावादेखत ओढ्याकाठच्या त्या घरापर्यंत चालत गेल्या. त्या वाटेने त्या आयुष्यात पहिल्यांदाच जात असाव्यात. दारात त्या उभ्या राहिल्या. शेवंताने आतून पोतं ओढत आणलं, एक टोक तिने धरलं आणि दुसऱ्या टोकाकडे पाहत थांबली. पारूबाईंनी वाकून ते धरलं. दोघी पोतं उचलून निघाल्या.

निम्म्याहून जास्त पिल्लं गेली. पण त्या दिवसानंतर मरणं थांबलं. रजेवरून आलेल्या डॉक्टरांनी तो भुसा हुंगून मान डोलावली.

चारेक दिवसांनी मी शिरूरला गेले. वखारीपर्यंत पोचायच्या आधीच मला रस्त्यावर मालकांचा आवाज ऐकू आला. मामांशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे, त्यामुळे त्यांचं भांडण सायकलवाला, चहावाला, रिक्षाची वाट बघणारी माणसं, सगळे ऐकत होते.

"मानमोडी झाली म्हणून सांग! जा न्हावऱ्याला आणि सांग!" मालक ओरडत होते.

"मानमोडीत डोळं तसं व्हत न्हाईत!"

"तुला कोण विचारतंय डोळ्यांचं! भुसा तो भुसा. चांगला ढीग दुसऱ्याला गेला, म्हणून हा दिला. त्यात काय बिघडलं?"

"मला सांगायचं व्हतं तुमी!"

"तू नोकर आहेस का मालक?"

मामांनी आरा बंद केला. पट्टा घरघरत थांबला. वखारीत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मामांनी खिळ्यावरची पिशवी काढली, सदरा झटकला आणि बाहेर आले. मी दारातच होते.

आम्ही एसटी स्टँडपर्यंत बरोबर चाललो. माझ्या पोटात इतके दिवस एक गोष्ट होती. मी रस्त्यात थांबले आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "मामा, पोती भरताना मला वास आला होता! मी बोलले नाही!"

चार माणसांनी वळून पाहिलं. मला त्याची पर्वा नव्हती. पटांगणात शेवंता उभी असतानाही मी हे बोलले नव्हते.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, वास तुमाला आला. पन त्या वासाचा अर्थ मला म्हाईत व्हता, तुमाला न्हाई. मी ढिगाजवळ दगडानं एक फुली मारली असती तरी भागलं असतं. ती मी मारली न्हाई." मग थोडं चालल्यावर म्हणाले, "आता मातूर तुमाला म्हाईत झाला."

गावात परतल्यावर मी शेवंताकडे गेले आणि तिलाही ते सांगितलं. ती म्हणाली, "तवा बोलायचं व्हतं, बाई." एवढं बोलून ती पिलांना पाणी द्यायला उठली. तिचं बरोबर होतं. पुढे तिने माझ्याशी बोलणं टाकलं नाही, पण तो दिवस ती विसरली नाही, आणि मीही नाही.

मामा शिरूर सोडून दौंडला गेले. मुलीकडे राहतात, कुठेतरी काम मिळालंय, असं उडत उडत कळायचं. मी दोनदा पत्र टाकलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. जावयाच्या अक्षरात एक कार्ड आलं, त्यात पावसात गादी कशी हलवायची याच्याच सूचना होत्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. चार-पाच वर्षं उलटली असतील. मी वरवंडला एसटीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभी होते. सोलापूरच्या बाजूला जाणारा एक ट्रक हॉटेलसमोर थांबला. वर पोत्यांची रास, त्यावर एक म्हातारा माणूस दोराला धरून बसलेला. मी हाक मारली. उपयोग नव्हताच. मग हात हलवत पुढे गेले, तेव्हा त्यांनी ओळखलं आणि साखळीला धरून सावकाश खाली उतरले. दाढी पूर्ण पांढरी झाली होती.

"मावळातला तूस हाय!" ते म्हणाले. सगळं हॉटेल आमच्याकडे बघायला लागलं. "इंदापूरकडं एकानं मोठी शेड टाकलीय. हजार पक्षी. त्यानं आदी मला जमीन दाखवली, मग पक्षी आनले. आसा मानूस मी पयल्यांदा बघितला, बाई!"

मी त्यांना सांगितलं, शेवंताकडे आता दोनशे कोंबड्या आहेत आणि मंडळाची अध्यक्ष तीच आहे. त्यांना अर्धं ऐकू गेलं असेल. त्यांनी दोन्ही हात वर करून तिला दुवा दिला आणि चहा न पिता पुन्हा वर चढले, कारण क्लीनर घाई करत होता.

ट्रक निघाला. पन्नास पावलं गेला असेल, तोच मागच्या एका पोत्याची शिवण उसवली आणि तूस रस्त्यावर भुरुभुरु सांडायला लागला. मामांनी ते पाहिलं. ते केबिनच्या टपावर मुठी आपटायला लागले. ट्रक कडेला थांबला. ते खाली उतरले, डोक्याचा फेटा सोडला, त्याचा बोळा करून भोकात कोंबला आणि तळहाताने दाबून दाबून बसवला. क्लीनर खिडकीतून ओरडत होता. ते पुन्हा वर चढले, उघड्या डोक्याने त्या पोत्याला टेकून बसले, आणि ट्रक वळणापलीकडे जाईपर्यंत त्यांचा एक हात त्या बोळ्यावर तसाच होता.